प्रकल्प नोंदी: टॉवेल युनिटमधल्या जुन्या लॅपटॉपचा डिस्प्ले

यंत्र: १४ इंची लॅपटॉप, तिसऱ्या पिढीचा आय५-३२१०एम, ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच (इंटेल एचडी ४०००), ४ जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम, नंतर बसवलेली एसएसडी, विंडोज १०. पॅनल १३६६ × ७६८, एलईडी, ४० पिनांचं एलव्हीडीएस (मदरबोर्डकडून पॅनलकडे चित्र नेणारी जोडणी). वापर सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल युनिटमध्ये, जेकार्डचे (विणीतच नक्षी उठवणाऱ्या मागाचे) डिझाइन काढायला. डिझाइनच्या चौकटी-चौकटीच्या आराखड्याला तिथे ग्राफ म्हणतात.

२२ एप्रिल २०२४, सोमवार

यंत्र आमच्याकडे दुरुस्तीला आलं. तक्रार तिथल्या डिझायनरच्या शब्दांत जशीच्या तशी उतरवली: "ग्राफ उघडलं की स्क्रीन फडफडतंय, मधेच लाल उडतंय, आणि दुपारनंतर चौकोन चौकोन येऊन सगळं अडकतंय." आधी एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथे पॅनल बदला, ३,४०० रुपये, असं उत्तर मिळालेलं.

वाक्य एक असलं तरी तक्रारी तीन आहेत. फडफड ग्राफ उघडल्यावर, लाल 'मधेच', चौकोन दुपारी. तिन्हींची वेळ वेगळी, म्हणजे कारणंही वेगळी असू शकतात. पुढच्या नोंदींत त्यांना 'फडफड', 'लाल' आणि 'चौकोन' असंच म्हटलं आहे.

सकाळी ११ ला टेबलावर चालू केलं, खोलीत ३३ अंश. चाळीस मिनिटं काहीच नाही. मग बायोस (विंडोज सुरू व्हायच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) उघडून झाकण हळूहळू मागे नेलं. ९५ ते १०५ अंशांच्या टप्प्यात पांढरी अक्षरं फिरोजी झाली, लाल पट्टी काळी पडली. ११० च्या पुढे पुन्हा ठीक. बायोसमध्ये विंडोजचा ड्रायव्हर चालूच झालेला नसतो, त्यामुळे 'लाल'साठी ड्रायव्हर काढा-घालायचा उद्योग इथेच बाद.

२३ एप्रिल, मंगळवार

आज चित्र नेमकं कुठे बिघडतं ते शोधलं. कसोट्या दोनच, पण भरवशाच्या.

पहिली स्क्रीनशॉटची. बिघाड दिसत असताना स्क्रीनशॉट घ्यायचा, पेनड्राइव्हवर टाकायचा आणि दुसऱ्या चांगल्या स्क्रीनवर बघायचा. त्याच वेळी मोबाइलने फोटोही काढून ठेवायचा. स्क्रीनशॉटमध्ये बिघाड दिसला तर चित्र मेमरीतच बिघडलेलं आहे: रॅम, ग्राफिक्स किंवा ड्रायव्हर. स्क्रीनशॉट स्वच्छ निघाला तर मेमरीतलं चित्र चांगलं आहे आणि तिथून काचेपर्यंतच्या वाटेत घोटाळा आहे: केबल, कनेक्टर, पॅनल. स्क्रीनशॉट त्याच लॅपटॉपवर बघून निष्कर्ष काढणं ही नेहमीची चूक. बिघडलेल्या काचेतून चांगलं चित्रही बिघडलेलंच दिसणार.

दुसरी कसोटी बाहेरच्या मॉनिटरची, व्हीजीएवरून, दोन्हीकडे तेच चित्र ठेवून.

'लाल': स्क्रीनशॉट स्वच्छ, मॉनिटर स्वच्छ. वाटेतला दोष.

'चौकोन': दुपारी ३ ला, खोलीत ३९ अंश असताना दिसला. आठ-दहा पिक्सेलच्या रंगीत चौकड्या, मग दोन-तीन सेकंद काळी स्क्रीन, मग परत चित्र. स्क्रीनशॉटमध्येही आहे, मॉनिटरवरही. हा वाटेतला दोष नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) ४१०१ क्रमांकाच्या नोंदी सापडल्या: डिस्प्ले ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं आणि तो परत चालू झाला. ग्राफिक्सकडून दोन सेकंदांत उत्तर आलं नाही की विंडोज ड्रायव्हर नव्याने चालू करते, त्याची ही नोंद. मागच्या महिनाभरातल्या सगळ्या दुपारी १ ते ५ मधल्या. सकाळची एकही नाही. ड्रायव्हर बिघडलेला असता तर तो घड्याळ बघून बिघडला नसता.

'फडफड': स्क्रीनशॉट स्वच्छ, मॉनिटर स्वच्छ. झाकणाचा कोन बदलून फरक नाही, उष्णतेने फरक नाही. आणि फक्त साध्या विणीचा भाग १०० टक्के झूमवर असतानाच. २०० टक्के केलं की थांबते.

यावर वेळ घालवला, कारण जेकार्डवाल्यांच्या यंत्रांत हे हमखास दिसतं आणि पॅनल उगाच बदललं जातं. ग्राफमध्ये साधी वीण म्हणजे एक पिक्सेल काळा, एक पांढरा, बुद्धिबळाच्या पटासारखा. एलसीडीच्या प्रत्येक ठिपक्यावरच्या व्होल्टेजची दिशा दर फ्रेमला उलटवावी लागते, नाहीतर द्रव-स्फटिक खराब होतो. शेजारच्या ठिपक्यांच्या दिशा एकमेकांविरुद्ध ठेवलेल्या असतात, म्हणजे एक किंचित उजळ तर दुसरा किंचित मंद आणि डोळ्याला सरासरी दिसते. पण एक सोडून एक पिक्सेल पेटवला की पेटलेल्या सगळ्या हिरव्या ठिपक्यांची दिशा नेमकी एकच येते, सरासरी होत नाही आणि ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर ३० हर्ट्झची लुकलुक दिसते, बहुधा हिरवट झाक घेऊन. झूम दुप्पट केल्यावर पेटलेल्या चौकोनात दोन्ही दिशांचे ठिपके येतात आणि सगळं शांत होतं. बिघाड नाही, दुरुस्ती नाही. साध्या विणीवर काम करताना २०० टक्के झूम ठेवा, असं डिझायनरना फोनवर सांगितलं. 'फडफड' बंद.

२५ एप्रिल, गुरुवार

'लाल'. झाकण १०० अंशांवर ठेवून कडा एक-एक दाबल्या. वरचे कोपरे, बाजू, खालची पट्टी दाबून काही होत नाही. डाव्या बिजागरीजवळ बोट ठेवलं की लाल जातं-येतं. पॅनलच्या काचेवर चिकटवलेल्या चिप सुटल्या असत्या तर उभ्या किंवा आडव्या रेघा आल्या असत्या आणि कडा दाबल्यावर बदलल्या असत्या. तसलं पॅनल दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नये. इथे एकही रेघ नाही, अख्खा रंग जातोय, त्यामुळे संशय सरळ केबलवर.

लालच का, याचंही उत्तर आहे. या पॅनलकडे चित्र तीन जोड्यांतून जातं, चौथी जोडी क्लॉकची, म्हणजे बिटांची वेळ जुळवणाऱ्या सिग्नलची. पहिल्या जोडीत लालचे सहाही बिट आणि हिरव्याचा सर्वांत खालचा एक. दुसरीत हिरव्याचे उरलेले पाच आणि निळ्याचे खालचे दोन. तिसरीत निळ्याचे वरचे चार आणि ओळ-फ्रेम जुळवणारे तीन सिग्नल. म्हणून पहिली तुटली की लाल जातं, दुसरी तुटली की हिरवं. तिसरी तुटली तर निळ्यासोबत चित्रच हलतं किंवा नाहीसं होतं.

मोजणी. बॅटरी आणि अडॅप्टर काढून पॉवर बटण २० सेकंद दाबून धरलं. हे टाळू नये: याच कनेक्टरच्या ३८ ते ४० पिनांवर बॅकलाइटचा पुरवठा असतो आणि कनेक्टर तिरका निघाला-बसला तर मदरबोर्डवरचा तांदळाच्या कणीएवढा फ्यूज जातो. मग पॅनल चांगलं, केबल चांगली आणि स्क्रीन काळी. टॉर्च मारून अंधुक चित्र दिसलं तर तोच प्रकार समजावा.

कीबोर्ड उचलून केबलचं मदरबोर्डकडचं टोक सोडवलं, पॅनलकडचं जोडलेलंच ठेवलं. पॅनलच्या आत प्रत्येक जोडीच्या दोन तारांमध्ये १०० ओमचा रेझिस्टन्स असतो, त्यामुळे या टोकावरून अख्ख्या वाटेची तपासणी होते. पिना इतक्या जवळ की मल्टिमीटरच्या टोकांना शिवणाच्या सुया गुंडाळून घेतल्या. क्लॉक, दुसरी, तिसरी: १०१, १००, १०१ ओम. पहिली: झाकण १२० वर १०२, १०० वर ओपन (वाट तुटलेली), हलवताना ३०० ते ७०० च्या मधे नाचते. निकाल लागला.

काळी टेप थोडी उसवून भिंगाखाली पाहिलं. बिजागरीच्या वळणावर एक तार पूर्ण तुटलेली, शेजारची अर्धवट. सोल्डर करून भागेल का, हा प्रश्न येतोच. तार केसाहून जाड नाही, प्रत्येक जोडीतून सेकंदाला सुमारे ५० कोटी बिट जातात, जोडाच्या जागी जोडीचा इम्पिडन्स (वेगवान सिग्नलला होणारा विरोध) बिघडतो आणि वळणावरचा कडक झालेला जोड महिन्याभरात तिथेच पुन्हा तुटतो. नवी केबल.

२६ एप्रिल, शुक्रवार

इथल्या नवी पेठेत दोन ठिकाणी विचारलं, तयार नाही. पुण्याहून मागवली, ६५० रुपये आणि कुरिअर १००.

२९ एप्रिल, सोमवार

केबल येईपर्यंत 'चौकोन'. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे चित्र साध्या रॅममध्येच बनतं. रॅमचा एखादा बिट चुकला तर तो हिशेबाच्या फाइलमध्ये लपून राहील, पण पडद्यावर लगेच दिसतो.

पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ (रॅम तपासायचा प्रोग्राम) चालवलं. ८ जीबीला एक फेरी साधारण तासाभराची. सकाळी ७ पासून दोन फेऱ्या, चुका शून्य. इथे थांबलो असतो तर रॅम निर्दोष ठरली असती. दुपारी १ ला पंखे बंद करून, दरवाजा लोटून पुन्हा: खोलीत ४१ अंश, पहिल्याच फेरीत ११ चुका. सोलापुरातली रॅमची चाचणी एप्रिल-मेच्या दुपारीच घ्यावी, हा आमचा नियमच करून टाकला आहे.

चुकीच्या पत्त्यावरून रॅम ओळखता येत नाही. दोन रॅम जोडीने चालताना पत्ते दोन्हींत आलटूनपालटून वाटलेले असतात. म्हणून एक-एक रॅम एकटी, आधी एका स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात. चार जोड्या, चार दुपारच्या फेऱ्या. म्हणजे दोन दिवस. त्याआधी दोन्हींची सोनेरी टोकं ९९ टक्के आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसली. खोडरबरही चालतं, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये जातो.

१ मे, बुधवार

खालची रॅम, मदरबोर्डला लागून असलेली: दोन्ही स्लॉटमध्ये चुका, ९ आणि १४. वरची: दोन्हीकडे शून्य. स्लॉट ठीक, रॅम खराब.

रॅम बदलून मोकळं होता आलं असतं, पण ती एवढी तापत का होती हा प्रश्न राहतोच. लोड टाकून, म्हणजे जड काम देऊन, प्रोसेसरचं तापमान पाहिलं: दुपारी ९८ ते १०१. या प्रोसेसरची मर्यादा १०५, म्हणजे तो कडेलोटावरच चालत होता आणि खालची रॅम त्याच हवेत बसलेली.

पंख्याचं झाकण उघडलं. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधे सुताच्या तुसाची चार मिलिमीटर जाड गादी. चिमट्याने उचलली तर नमद्याच्या तुकड्यासारखी अख्खी निघाली, कडेने थर स्पष्ट: खाली पांढरा, मग मरून, वर पोपटी. युनिटने कोणता माल कधी काढला ते त्यावरून सांगता येईल.

ही गादी बाहेरून फुंकून निघत नाही, उलट पात्यांत आणखी घट्ट बसते. पंख्याचे स्क्रू काढून तो बाजूला घ्यावाच लागतो. आणि लूमवरच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नये, तिथे सगळे तेच करतात. त्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश असतो. तुसाचा चिखल होतो आणि मोकळ्या हवेच्या जोरावर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. मऊ ब्रश, चिमटा, हातातला छोटा ब्लोअर, आणि ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवायचं.

प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. आयपीएने पुसून नवी लावली, ज्वारीच्या दाण्याएवढी, मधोमध. हीटसिंकचे स्क्रू त्यावरच्या आकड्यांच्या क्रमाने, प्रत्येकी आधी अर्धे, मग पूर्ण. एकच बाजू आधी आवळली तर उघडा डाय (प्रोसेसरची सिलिकॉनची चकती) कोपऱ्याला टवका उडवून बसतो.

नंतरचं मोजमाप, खोलीत ३९ अंश, तोच लोड, अर्धा तास: ७९ ते ८२.

३ मे, शुक्रवार

केबल आली, चुकीची निघाली. पॅनलकडचं टोक बरोबर, मदरबोर्डकडचं रुंद. एकाच मॉडेलची दोन रूपं असतात, वेगळ्या ग्राफिक्स कार्डचं आणि बिनकार्डाचं, आणि पुष्कळदा त्यांच्या केबली निराळ्या. ऑर्डर देताना मॉडेलचं नाव सांगितलं, ही चूक आमची. जुन्या केबलवरच्या चिठ्ठीवरचा पार्ट नंबर आणि दोन्ही टोकांचे फोटो पाठवून बदली मागवली. शंभर रुपये कुरिअरचे अंगावर.

वापरलेली ४ जीबी रॅम इथेच मिळाली, ५०० रुपये. १.३५ व्होल्टची आहे, ती १.५ व्होल्टवरही चालते, उलट मात्र धरून चालू नये. ८ जीबीची एकच घेण्यापेक्षा दोन ठेवल्या, कारण एकटी रॅम असली की या ग्राफिक्सचा वेग पडतो. घ्यायच्या आधी दुकानदाराला सांगून ठेवलं की दुपारची फेरी पास झाली तरच ठेवू.

७ मे, मंगळवार

मतदानाची सुट्टी. यंत्र बंद खोलीत मेमटेस्टवर सकाळी १० ते संध्याकाळी ६ चालत ठेवलं. चुका शून्य.

९ मे, गुरुवार

बरोबर केबल आली. फ्रेमच्या रबरी टोप्या टाचणीने उचलून खालचे स्क्रू काढले, फ्रेम आतल्या बाजूने नखाने सोडवत नेली. पॅनल चार छोट्या स्क्रूंवर. ते काढून कीबोर्डवर मऊ कापड टाकून पालथं ठेवलं. कनेक्टरवरची पारदर्शक टेप आधी सोलायची, मग कनेक्टर दोन्ही कडांनी सरळ खाली ओढायचा. तारांना धरून ओढायचं नाही.

केबलची वाट काढताना जुन्या वाटेचा फोटो समोर ठेवला. बिजागरीपाशी मूळ बनावटीत एक सैल वळसा आहे. जुन्या केबलचा तो वळसा कुणीतरी आधी उघडल्यावर नीट न ठेवता ताणून बसवला होता, त्यामुळे झाकण उघडताना सगळा ओढा दोन सेंटिमीटरवर येत होता. नव्या केबलला वळसा दिला, कॅमेऱ्याच्या तारा वेगळ्या खोबणीत टाकल्या, केबलची अर्थिंगची पट्टी स्क्रूखाली घेतली. ही पट्टी मोकळी राहिली तर चित्रात बारीक ठिपके येतात आणि नवी केबल खराब आली अशी तक्रार सुरू होते.

बिजागरीचे नटही अर्धा फेरा सैल केले, फार आवळलेले होते. जोडण्याआधी तीच १०० ओमची मोजणी, झाकण बंद ते १३५ अंश तीस वेळा: चारही जोड्या १०० ते १०२, हलल्या नाहीत. मग बॅटरी लावून बायोस, तीच कसरत. लाल जागेवर.

११ मे, शनिवार

काल बसव जयंती, म्हणून आज युनिटवर नेलं. तपासणी तिथेच, दुपारी २ ला. लॅपटॉपची नेहमीची जागा दाखवली ती नमुन्याच्या टॉवेलांच्या घडीवर. हवा घ्यायची जाळी तळाला. टॉवेल ती पूर्ण झाकतो आणि तूसही थेट आत. घडी काढून लाकडाच्या दोन पट्ट्या दिल्या, दोन सेंटिमीटर उंचीच्या, जाळीच्या बाहेर. एवढ्यानेच लोडवरचं तापमान आणखी ५ अंश उतरलं.

डिझायनरनी मरून किनारीचं एक जुनं काम उघडून पाहिलं. लाल गेलेलं असताना मरून काळा दिसायचा आणि फाइलमध्ये तो बदललाय असं वाटून एका जागी रंग पुन्हा भरला गेला होता. स्क्रीनच्या दोषाने फाइल बिघडत नाही. पण जेकार्डमध्ये ग्राफमधल्या रंगावरूनच वीण ठरते, त्यामुळे डोळ्यावर विसंबून केलेली ती दुरुस्ती मात्र खरी चूक झाली असती. पट्टा विणायला जायच्या आधी सापडली.

मालकांनी विचारलं, यावर आणखी खर्च करावा का. एकूण १,३५० रुपये आणि पेस्ट. त्यातलं चुकीच्या केबलचं कुरिअर आमच्याकडे. मोठा खर्च यावर करू नये असं सांगितलं. विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होते आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. इंटरनेटपासून तोडून फक्त डिझाइनसाठी ठेवला तर चालेल.

१८ मे, शनिवार

इव्हेंट व्ह्यूअरचा फोटो मागवला. ११ तारखेनंतर ४१०१ ची नोंद नाही. लाल ठीक. फडफड साध्या विणीवर १०० टक्के झूमला आहेच, राहणार. पंख्याची पुढची सफाई ऑगस्टमध्ये, तूस किती साठली ते मिलिमीटरमध्ये लिहून ठेवायची.